पोलिसाने चाखलेलं आगळ

बहिणीने पाठवलेलं कोकमाचं आगळ आज बाटलीत ओतलं आणि त्या आंबट वासाबरोबर शारजाचा रस्ता डोळ्यांपुढे आला. नव्वदच्या दशकात, ऑक्टोबर सरून उकाडा ओसरला की मी आणि माझा रूममेट शुक्रवारी सकाळी समुद्राच्या कडेने सायकलवर उम्म अल क्वैन या दुसऱ्या अमिरातीपर्यंत जायचो. तिथे दारू मिळायची. आम्ही राहायचो त्या शारजात मात्र ती जवळ सापडली तर नोकरीही जायची आणि व्हिसाही. अशाच एका शुक्रवारी तिथल्या ओळखीच्या वहिनींनी घरचं आगळ दिलं, तेही वाइनच्या रिकाम्या बाटलीत, कारण चांगली काचेची बाटली आपल्याकडे कुणी टाकत नाही. परतताना शारजाच्या हद्दीत पोलिसाने थांबवलं. माझ्या पिशवीतून द्राक्षांचं लेबल डोकावत होतं. "ये क्या है?" "घर का खट्टा जूस है, सर." त्याने बूच काढून हुंगलं, तळहातावर थेंब घेऊन जिभेला लावला, आणि त्याचं तोंड कसनुसं झालं. "खलास, यल्ला," म्हणजे झालं, निघा, असं म्हणत त्याने बाटली परत दिली. मी हसत सुटलो. वळण ओलांडल्यावर रूममेट सायकलवरून उतरला. सायकलच्या दांडीवरची पाण्याची बाटली, जिला परतताना त्याने एकदाही तोंड लावलं नव्हतं, ती त्याने काढून वाळूत उपडी केली. वाळू लालभडक झाली, आणि तो वास कोकमाचा नव्हता. आजही आगळ ओतण्याआधी मी बाटलीचं लेबल नखाने खरवडून काढलं.