आसिमो मावशीची व्होलोसची खेप

व्होलोसची ती खोली मीच सुचवली होती, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं.

मी झिसिस. आग्राफाच्या डोंगरातलं पेत्रोवुनी हे आमचं गाव, आणि तिथल्या चौकात माझं कॉफीचं दुकान. समोरच्या चढावर निळ्या दाराचं घर आहे, ते आसिमो मावशीचं. नात्याने ती माझी कुणीच नाही. पण आसपासच्या पाच गावांतली माझ्या वयाची बहुतेक माणसं तिच्याच हातांत जन्मली, मीसुद्धा. त्यामुळे सगळे तिला मावशीच म्हणतात. सरकारी दवाखान्यात ती एकतीस वर्षं सुईण होती. आधी खेचरावर बसून जायची. मग त्र्याऐंशी साली खाली कार्दित्साला गेली आणि पापाकी घेऊन वर आली. पापाकी म्हणजे बदकाचं पिल्लू. त्या छोट्या मोटरसायकलला आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. डोंगरात तेव्हा बाईने मोटरसायकल चालवलेली कुणी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी म्हातारे कॉफीचे पेले हातात घेऊन रस्त्यावर आले होते, असं माझे वडील सांगायचे.

तिचे यजमान लाम्ब्रोस काका हे सुतार. मधमाश्यांच्या पेट्या करायचे, आणि रविवारी चर्चमध्ये उजव्या हाताला, मुख्य गायकाच्या जागी, उभे राहून स्तोत्रं गायचे. काकांना गाडी कधी जमली नाही. एकदा शिकायला निघाले आणि गाडीसकट आलुबुखाराच्या झाडात गेले. तेव्हापासून ते मागे बसतात, मावशी चालवते.

"लाम्ब्रो, बायकोच्या कमरेला धरून फिरतोस, लाज नाही वाटत?" असं कुणी विचारलं, तर काका म्हणायचे, "माझ्याच बायकोची कंबर आहे ना? तुझ्या बायकोची धरली की मग विचार."

तर अशा या काकांचे कान गेले. एकदम नाही, सात-आठ वर्षांत हळूहळू. त्यांना मात्र वाटायचं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, मरियामातेच्या सणाला, गच्च भरलेल्या चर्चमध्ये आमचे पाद्री पापा-स्ताथिस यांनी शुभवर्तमान वाचायला घेतलं, आणि काकांना वाटलं आपली पाळी आली. त्यांनी वरच्या पट्टीत स्तोत्र सुरू केलं. पाद्र्यांनी आवाज चढवला, काकांनीही चढवला. म्हाताऱ्या क्रूसाची खूण करू लागल्या आणि अथेन्सहून सुट्टीला आलेली तरुण मंडळी हसू आवरत बाहेर पळाली.

दुसऱ्या दिवशी पाद्री माझ्या दुकानात आले. "झिसिस, या माणसाला सांगायचं कुणी?"

"तुम्हीच सांगा, पापा."

"मी सांगितलं रे. तो म्हणाला, 'आवडलं ना? देवाची कृपा.'"

शेवटी मावशीनेच ठरवलं. समुद्रकाठच्या व्होलोस शहरात कानाचा डॉक्टर होता, दोन-तीन दिवसांचं काम. काकांना बस लागते, म्हणून जायचं ते गाडीवरूनच. मावशी तेव्हा अडुसष्टची होती, काका त्र्याहत्तरचे. राहायचं कुठे म्हणून ती मला विचारायला आली, आणि माझ्या बायकोचा आतेभाऊ फोटिस तिथे खोल्या भाड्याने देतो हे मला आठवलं. मी फोन लावला. फोटिस म्हणाला, खोली झकास आहे, बंदराजवळ आहे, समुद्र दिसतो. मी ती खोली पाहिली नव्हती. पण मावशीला सांगताना मी पाहिल्यासारखंच सांगितलं.

सप्टेंबरच्या मध्यावर, एका सकाळी ते निघाले. मावशीने मागच्या सीटवर काकांसाठी उशी बांधली होती. डोंगर उतरून कार्दित्सा, मग सोफादेस, मग कापसाचं ते न संपणारं मैदान. पापाकी पन्नासच्या वर जात नाही. ट्रॅक्टरसुद्धा मागून भोंगा वाजवत होते, पण तो काकांना ऐकू येत नव्हता आणि मावशी लक्ष देत नव्हती. फार्सालाला थांबून त्यांनी हलवा खाल्ला. व्होलोसला पोचायला दुपारचे तीन वाजले.

बंदरामागच्या गल्लीत, मासळीच्या घाऊक वखारीच्या वर तिसऱ्या मजल्यावर ती खोली होती. पलंग मधोमध इतका खचलेला, की दोघं झोपले की घरंगळून एकमेकांवर यायचे. भिंतीला ओल होती. घोंगडीला आधीच्या पाहुण्याच्या सिगारेटचा वास येत होता. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत.

"समुद्र कुठाय?" मावशीने विचारलं.

"आहे की!" फोटिस म्हणाला. "न्हाणीघरात स्टूल ठेवलंय बघा. त्याच्यावर चढून डावीकडे वाकलात की दिसतो."

"मी अडुसष्ट वर्षांची आहे. समुद्र बघायला स्टुलावर चढू?"

"काका चढतील, उंच आहेत."

काकांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ते पलंगावर बसून बूट काढत होते. "छान आहे," ते म्हणाले. "शांत आहे."

मावशीने खाली उतरून आणखी दोन ठिकाणी चौकशी केली. पण शहरात कसलंसं प्रदर्शन होतं, सगळीकडे खोल्या भरलेल्या. परत येताना तिने व्हिनेगरची बाटली विकत आणली, न्हाणीघर घासलं, घोंगडी खिडकीत टाकली आणि आपला कोट पांघरून घेतला. पहाटे चार वाजता खाली वखार उघडली. ट्रक आले, बर्फ फोडायला सुरुवात झाली, पेट्या आपटायला लागल्या, हमाल एकमेकांना शिव्या देऊ लागले. पलंग हादरत होता. काका तान्ह्या बाळासारखे झोपले होते. मावशी सात वाजेपर्यंत खुर्चीवर बसून राहिली.

"झोप कशी लागली?" काकांनी उठल्यावर विचारलं. तिने हातानेच 'ठीक' अशी खूण केली.

दहाला डॉक्टरांकडे गेले. तासभर तपासणी झाली आणि दोन्ही कानांना यंत्रं बसली. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस वापरून बघा, उद्या अकराला या, कमीजास्त करून देतो. रस्त्यावर आल्यावर काका उभेच राहिले. आपल्या बुटांचा आवाज येतोय म्हणाले. मावशीने गाडीला किक मारली, तर दचकून दोन पावलं मागे सरले.

"ही असा आवाज करते? कधीपासून?"

"दहा वर्षं झाली," मावशी म्हणाली.

"अगं, हळू! ओरडतेस कशाला?"

ती सात-आठ वर्षं ओरडूनच बोलत होती. दुपारी बंदरावर त्सिपुरो, म्हणजे आमच्याकडची द्राक्षाची दारू, प्यायला बसले, तेव्हाही शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत होते. काका तिला सारखं हाताने खाली, खाली करत होते. ती आवाज खाली आणायची आणि दोन वाक्यांनी पुन्हा वर जायची. तळलेली कोळंबी आली, ऑक्टोपस आला, त्सिपुरोची तिसरी बाटली आली. काका कान देऊन सगळ्या जगाचं बोलणं ऐकत होते आणि खूश होते.

यंत्रं झोपताना काढून ठेवायची असतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण काकांना ती काढायची नव्हती. पहाटे चारला खाली पहिली पेटी आदळली आणि काका पलंगातून उडाले.

"भूकंप! आसिमो, ऊठ! भूकंप!"

मावशी काही बोलायच्या आत ते दार उघडून तीन जिने उतरले आणि चड्डी-बनियनवर वखारीच्या दारात जाऊन उभे राहिले. समोर सार्डिनच्या पेट्या आणि सहा हमाल.

"काय आजोबा, पोहायला निघालात?" एकाने विचारलं.

मावशी पॅन्ट घेऊन खाली आली, तोवर आवाज ऐकून फोटिसही आला होता. काका त्याच्यावर तुटून पडले. "ही खोली आहे? हिच्यात माणसं झोपवतोस तू? माझ्या मधमाश्यासुद्धा राहणार नाहीत असल्या पेटीत!"

"पण काका, काल तर तुम्हीच शांत म्हणालात," फोटिस म्हणाला.

काकांनी पॅन्ट चढवली. मावशीने वर जाऊन सामान भरलं, गाडीला बांधलं, आणि उजाडायच्या सुमारास दोघं निघाले. अकरा वाजेपर्यंत जायला जागा नव्हती. बंदराच्या धक्क्यावर एका बाकावर जाऊन बसले. समोर अख्खा समुद्र होता. मावशीने कोळुरी घेतली, आमच्याकडचं ते तीळ लावलेलं पावाचं कडं, आणि अर्धी मोडून काकांना दिली.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण बोलणं तेच होतं.

"काल पहाटेही असाच गोंगाट होता?" काकांनी विचारलं.

"हो."

"मग मला उठवायचं नाही?"

"कशाला? तुला काय ऐकू येणार होतं? निदान एकाला तरी झोप."

काकांनी हातातला तुकडा संपवला आणि म्हणाले, "आसिमो, सणाला चर्चमध्ये मी काय केलं?"

ती मांडीवरचे तीळ झटकू लागली.

"सांग. आता ऐकू येतंय मला."

मग तिने सांगितलं. शुभवर्तमानाच्या वर चढवलेला आवाज, बाहेर पळालेली पोरं, सगळं. आणि त्याच्या आधीच्या वर्षीचं ईस्टरही.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तू म्हणालास, शेळ्यांना पाणी दिलंय. दुसऱ्यांदा म्हणालास, भूक नाही. तिसऱ्यांदा मला रडू आलं, तर विचारलंस, कांदा चिरत होतीस का."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गावात चाळीस वर्षं त्यांना कुणी कशावरून हसलेलं त्यांना माहीत नव्हतं. गाडीवरून हसायचे ते वेगळं, त्यात ते स्वतःच सामील होते. मावशी म्हणते, तिने त्यांना असं बसलेलं फक्त एकदाच पाहिलं होतं, त्यांचं स्वतःचं मूल जगलं नाही तेव्हा. पाच गावांची बाळंतपणं करणाऱ्या बाईला पुढे मूल झालं नाही. त्यावर आमच्याकडे कुणी बोलत नाही, मीही बोलणार नाही.

"परत जाऊच नये असं वाटतंय," काका म्हणाले.

"मग कुठे राहणार? फोटिसकडे?"

तेव्हा ते हसले. दोघंही हसले, आणि तिचं हसणं एवढं मोठं होतं की गळ टाकून बसलेला कोळी त्यांच्याकडे बघायला लागला.

अकराला डॉक्टरांनी यंत्रं ठीकठाक करून दिली. परतीच्या वाटेवर हेल्मेट घातलं की यंत्रं शिट्ट्या मारायची, म्हणून काकांनी ती काढून खिशात ठेवली. मावशी व्होलोसपासून गावापर्यंत सगळ्या वाटेने त्यांच्याशी बोलत आली.

"काय बोललीस एवढं?" नंतर दुकानात मी तिला विचारलं.

"तुला काय करायचंय?"

ती आली होती ते माझ्याशी हिशेब चुकता करायला. दुकानात शिरली, कॉफी मागितली, भरल्या दुकानात माझ्यासमोर बसली. "झिसिस, समुद्र फार सुंदर दिसतो हो तुमच्या फोटिसकडून. स्टूलही मजबूत आहे." महिनाभर गिऱ्हाइकं मला विचारत होती, इथे समुद्र दिसायला कुठल्या खुर्चीवर चढायचं.

काका त्या रविवारी चर्चमध्ये आले, पण उजव्या बाजूला गेले नाहीत. पाद्र्यांची पुतणी लेमोनिया तिथे उभी होती, तिलाच त्यांनी खुणेने सुरू कर म्हटलं, आणि स्वतः डावीकडे राहून तिला साथ दिली. आता तसंच चाललंय. आवाज पूर्वीचा राहिला नाही, पण वेळ चुकत नाही.

मावशी अजून पापाकी चालवते, फक्त गावापुरती. माझ्याकडे आली की तक्रार करते. काकांना आता तिचा रेडिओ खुपतो, शेजाऱ्याचा कोंबडा खुपतो, ती घोरते म्हणे. "सात-आठ वर्षं सुखात होते रे मी," ती म्हणते. पण हे ती हळू आवाजात म्हणते, तिला आता ते जमायला लागलंय. पूर्वी त्यांच्या घरातलं सगळं चौकात ऐकू यायचं, कुणाला काय दुखतंय, जेवायला काय आहे, भांडण कशावरून आहे. आता काही कळत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी दोन शेळ्या विकल्या, ते मला तीन आठवड्यांनी समजलं.