आपोआप थांबणारी स्कूटर

संशय घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. जमीन मोजणीच्या कचेरीत मी कारकुनी केली. सख्खा भाऊ भावाच्या हद्दीत दगडी गडगा कसा हळूहळू सरकवत नेतो आणि वर देवाची शपथ घेऊन 'आजोबांपासून इथंच आहे' म्हणून कसा सांगतो, ते उभा जन्म बघितलं. मी निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. मासेवाली जास्तच गोड बोलायला लागली की मी आधी माशाचे कल्ले उघडून बघते. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात माझी स्कूटर आपोआप थांबायला लागली तेव्हा ती बिघडली असेल, हे माझ्या डोक्यात नंतर आलं. आधी आलं ते हे, की कोणीतरी काहीतरी केलंय.

माझा मुलगा सकाळीच एमआयडीसीत कामावर जातो. सून हातखंब्याच्या पुढच्या एका गावात शिक्षिका आहे, ती त्याच्याही आधी एसटीने निघते. नात दुसरीत. तिचा डबा, तिची वेणी, तिला शाळेत सोडणं आणि आणणं हे सगळं माझ्याकडे. तशी शाळा काही लांब नाही, धडधाकट माणूस बोलत बोलत चालत जाईल. पण मध्ये चढ आहे आणि माझे गुडघे बोलतात, म्हणून स्कूटर. चाळिशी उलटल्यावर हट्टाने शिकले होते मी ती. नातीला पुढे पायाशी उभं करायचं, दप्तर हुकाला अडकवायचं आणि निघायचं. खरं सांगते, आमचे हे गेल्यानंतर माझ्या दिवसाला धरून ठेवणारं तेवढं एकच काम उरलं होतं. ते कोणी काढून घेतलं तर मी दिवसभर करू काय, ही भीती मनात होती. कुणाला बोलून दाखवली नव्हती, एवढंच.

आता त्या रस्त्याविषयी. रस्ता एवढासा, पण माणसाचा अंत बघतो. गणपती जवळ आले की खड्ड्यांत लाल माती आणि जांभ्या दगडाचा चुरा टाकतात, आणि पुढच्या सरीला ती माती आमच्या अंगावर उडते. शाळेच्या अलीकडे एक नवा गतिरोधक उगवला, त्याला पांढरा पट्टा नाही, पाटी नाही. कोणाच्या तरी बंगल्यासमोर बरोबर कसा उगवला, याचाही मी विचार करून ठेवला आहे. आणि शाळेच्या फाटकापाशी ती पांढरी मोटार. ज्यांची ती मोटार, त्यांचं घर शाळेच्या गच्चीवरून दिसतं. तरी चिरंजीव मोटारीतून येतात. मोटार भर रस्त्यात उभी राहते, दार उघडतं, पाण्याची बाटली घरंगळते, बुटाची नाडी बांधली जाते, आणि मागे आम्ही सगळे भिजत उभे. मी आले की ते गृहस्थ मुद्दाम जास्त वेळ लावतात, अशी माझी खात्री होती. फाटकापाशी उभ्या असलेल्या आयासुद्धा मला बघून बोलायच्या थांबत. ज्या अर्थी थांबत, त्या अर्थी विषय मीच असणार.

एकदा डावीकडच्या बोळातून एक रिक्षा अशी काही अंगावर आली, की मी आणि नात दोघी पडता पडता वाचलो. मी खाली उतरून त्या रिक्षावाल्याची सात पिढ्यांची विचारपूस केली. तो म्हणाला, "अहो काकी, हॉर्न वाजवून वाजवून हात दुखला. मी बोळाच्या तोंडाशी उभाच होतो, तुम्हीच आलात." उलट्या बोंबा! मी त्याचा नंबर पाठ केला आणि पुढे निघाले. नात मान वळवून त्या बोळाकडेच बघत राहिली. घाबरली असेल बिचारी, असं मला वाटलं.

त्यानंतरच ते सुरू झालं. मी आपली नेहमीच्या वेगाने चालले आहे, आणि स्कूटरला एकदम हिसका बसायचा. कोणीतरी मागून पदर धरावा तशी गाडी अडायची आणि मग पुन्हा सुटायची. एकदा उतारावर अशी अडली आणि तेवढ्यात सायकलवरचा एक पोरगा डावीकडून समोरून गेला. गाडी अडली नसती तर तो माझ्या चाकाखालीच आला असता. देवानेच राखलं म्हणून मी हात जोडले. पण देव काही ब्रेकला हात घालत नाही, हे मला कळत होतं.

गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने चाक फिरवलं, केबल ओढून बघितली, गाडी चौकापर्यंत नेऊन आणली. "काकी, ब्रेकात काय पण नाय. लायनरपण नवे हायत."

"मग थांबते कशी?"

"रोज थांबते?"

मी जरा आठवून बघितलं. नातीला नेता-आणताना थांबायची. एकटी असले की नाही.

"मग वजनानं असल," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. सात वर्षांच्या पोरीचं वजन ते केवढं! ह्याला काहीतरी ठाऊक आहे आणि हा सांगत नाही, असं मला वाटलं. घरी येऊन विचार करत बसले तेव्हा आठवलं, की रविवारी मुलाने स्कूटर धुतली होती. ज्या माणसाला स्वतःचा चहाचा कप उचलवत नाही, त्याने आईची स्कूटर धुवावी?

झालं, पाणी कुठे मुरतंय ते मला कळलं. त्याच आठवड्यात जेवताना तो म्हणाला होता, "आई, पाऊस फार आहे. शाळेला रिक्षा लावूया का?" आणि सून लगेच, "हो ना आई, तुमच्या गुडघ्यांनाही आराम." दोघांनी आधी ठरवून बोलावं तसं. माझी गाडी खिळखिळी करायची, मला कंटाळा आणायचा, आणि मग गोड बोलून नातीला रिक्षात बसवायचं, असा हा डाव. वाईट म्हणजे किती वाईट वाटलं मला. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. मागच्या चाकापाशी ब्रेकचा जो नट असतो, त्याला मी एक काळा दोरा गुंडाळला. कोणी पाना लावला तर तो तुटल्याशिवाय राहणार नाही. आठवडाभर रोज सकाळी वाकून दोरा बघितला. दोरा जिथल्या तिथे, आणि गाडी थांबायची ती थांबतच होती.

दोरा बघायलाही मला मान पार वाकडी करावी लागे, कारण नवा चष्मा मुळी धड नव्हताच. डावीकडचं सगळं धुरकट. चष्मेवाला म्हणे, "आधी डॉक्टरांकडे डोळा दाखवा." मी म्हटलं, दुसऱ्याची काच मला बसवलीस आणि आता डोळ्यावर ढकलतोस काय! त्या दुकानात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

मग माझी नजर नातीकडे गेली. तिला उंची फुटली होती, तिने आता मागे बसायला हवं होतं. बाप तिला तसं म्हणालाही. तर तिने भोकाड पसरलं, "मी पुढेच उभी राहणार!" एरवी समजूतदार पोर. आणि रस्त्यात ती चिमणीसारखी मान इकडून तिकडे फिरवत बघत राहायची. तिच्या आईने तिला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं असणार, दुसरं काय! एकदा दुपारी मी तिच्या हातावर आंबावडी ठेवली आणि विचारलं, "आईने काय सांगितलंय गो तुला माझ्याबद्दल?"

"काही नाही."

"खरं सांग हो बाय."

तिने वडी तोंडात टाकली आणि खाली बघितलं. चोरी पकडली गेली की माणूस जसा खाली बघतो, अगदी तसं. मला सुनेचा असा राग आला, की संध्याकाळी मी तिच्याशी धड बोललेही नाही. एवढ्या लहान जिवाला हेर करायचं म्हणजे काय?

शेवटी मी ठरवलं, की गाडी अडली की रस्त्याकडे बघायचं नाही, थेट हँडलकडे बघायचं. काय होतं ते आपल्या डोळ्यांनी पकडायचं. दुसऱ्या दिवशी पावसाने जरा उघडीप दिली होती. चढ संपून आम्ही बोळापाशी आलो, आणि बसला हिसका. मी अख्खी मान डावीकडे वळवली. रेनकोटाच्या बाहीतून बाहेर आलेले दोन छोटे हात डाव्या ब्रेकच्या मुळाशी होते. ओठ दातांत धरून, सगळा जीव एकवटून ती पोर ब्रेक ओढत होती.

स्कूटर थांबली. आणि माझ्या आरशाला छत्री घासून एक म्हातारे गृहस्थ समोरून गेले. ते आले कुठून, ते मला कळलंच नाही. आरशाला छत्री लागेपर्यंत ते माझ्यासाठी जगात नव्हतेच.

"काय करत्येस गो हे?" मी ओरडले.

"ब्रेक लावला. ते आजोबा येत होते ना."

"मला दिसत नाही का?"

"नाही," ती म्हणाली. "तुला या बाजूचं दिसत नाही."

"कोणी सांगितलं तुला? आईने?"

बघा, अजूनही माझ्या तोंडी तेच. तिने मान हलवली. "कोणी नाही. त्या रिक्षाच्या वेळी मला कळलं. ती एवढी मोठी होती, आणि तिथेच उभी होती. तू तिकडे बघितलंसही, आणि तरी गेलीस."

मी चष्मा वर केला आणि उजव्या डोळ्यावर हात ठेवला. समोर वाण्याचं दुकान होतं, त्यावर पाटी होती, हे मला माहीत आहे. दिसलं काही नाही. तांदळाच्या पेजेतून बघावं तसं नुसतं पांढुरकं. त्या पांढुरक्यात मी रोज आमच्या घरातली सगळ्यात लाडकी वस्तू घेऊन शिरत होते. मी गाडी बंद केली.

"घरी का नाही सांगितलंस, बाय?"

"बाबांनी तुला गाडी चालवू दिली नसती." मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "मग तू दिवसभर काय केलं असतंस?"

मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, वाजवू दे म्हटलं. आम्ही दोघी उतरलो. स्कूटर वाण्याच्या पायरीपाशी लावली, दप्तर मी खांद्याला अडकवलं आणि तिचा हात धरून उरलेला रस्ता चालत गेलो. हात धरला तेव्हा तिच्या बोटांच्या पेरांखाली काहीतरी टणक लागलं. दुसरीतल्या मुलीच्या हाताला घट्टे पडले होते. मला रस्त्यातच रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"घ्यायला कोण येणार?" फाटकापाशी तिने विचारलं.

"मीच. चालत येईन, जरा उशीर झाला तर थांब."

संध्याकाळी मुलगा आणि सून दोघंही घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. दोऱ्याचंही सांगितलं आणि त्यांच्यावर घेतलेल्या संशयाचंही. मुलगा आधी हसला, मग गंभीर झाला, मग उठून डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेला. सुनेने लेकीला मांडीवर ओढून घेतलं आणि तिची मूठ उघडून एकेक बोट बघत राहिली. मग खोबरेलाची वाटी आणली आणि त्या घट्ट्यांवर तेल चोळायला लागली. मी वाट बघत होते. तिने मला बोल लावले असते तर बरं वाटलं असतं.

"रिक्षाचं मी पावसासाठी म्हणत होते, आई," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल माझ्या मनात कधी शंकासुद्धा आली नाही. एसटीत बसले की मी निर्धास्त डोळे मिटायची."

तेल चोळता चोळता तिचा हात थांबला.

"यायला हवी होती ती शंका," ती म्हणाली, आणि लेकीचा दुसरा हात हातात घेतला.