पिवळे अंगठे

कवठे महांकाळच्या अंगाला आमचं गाव. गावाच्या वरच्या गायरानात माझे चुलते आयुष्यभर मेंढरं चारत आले. ते गायरान सौर प्रकल्पाला द्यायचा ठराव ग्रामसभेत येणार असं कळलं, तेव्हा गावाच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर नुसता जाळ उठला. 'एक इंच जागा देणार नाही' असं कुणीतरी टाकलं आणि खाली पिवळ्या अंगठ्यांची रांग लागली. पुण्यात गेलेल्यांचे अंगठे, कुपवाडच्या कारखान्यातल्यांचे आणि आमच्या गल्लीत घरी बसलेल्यांचेही.

चुलत्यांकडं साधा फोन. माझ्या फोनवरच्या त्या पिवळ्या रंगाकडं ते बघत राहिले. आमच्यात शब्द द्यायचा तर बिरोबापुढं भंडारा उचलतात. हळदीनं बोटं पिवळी झाली की माणूस शब्द फिरवत नाही.

"समद्यांनी भंडारा उचललाय. आता भ्या न्हाई," ते म्हणाले.

"आवं तात्या, त्यो भंडारा न्हवं. नुसतं बोट लावलं की उमटतंय ते."

"मग भंडारा तरी बोट लावल्याबिगर उचलत्यात व्हय?"

पाहुण्यांचं रान चारणीला मिळत होतं. गायरान आता जात नाही, या भरवशावर चुलत्यांनी नको म्हणून निरोप धाडला.

सभेला आम्ही दोघं आणि चार-दोन म्हातारी माणसं. संख्या भरेना म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला संख्येची अट नसते, तेव्हा पुढच्या वेळी या, असं मी ग्रुपवर लिहिलं. त्यालाही अंगठेच आले. ठराव हवा असणारे मात्र झाडून आले आणि गायरान गेलं. विरोधात वर केलेला चुलत्यांचा हात खाली येईना, शेवटी मीच तो धरून खाली घेतला.

ठराव करणाऱ्यांचा मला राग नाही, ते उघड समोर बसले होते. चीड येते ती आमच्या बाजूच्यांची. बोटाच्या टोकानं गाव वाचवून ते निवांत जेवायला बसले.

त्या वर केलेल्या हाताचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. 'तात्यांच्या जिद्दीला सलाम.' खाली पुन्हा तीच रांग.

मेंढरं बाजाराला निघाली त्या सकाळी चुलत्यांनी माझ्या फोनवर तो फोटो बघायला मागितला. स्वतःच्या हाताकडं त्यांनी पाहिलंही नाही. अंगठ्यांकडं बघत विचारलं,

"आन् ह्यो भंडारा आता कशापायी उचललाय रं?"