काचेच्या टाकीतला सातपुडा

नीळकंठ मास्तर जळगाव जामोदला हायस्कुलात शास्त्र शिकवत. साठ सालानंतरचे ते दिवस. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की गावावर ढगांच्या समांतर पट्ट्या दिसत. वारा जोरात, पण पट्ट्या जागच्या हलत नसत. मास्तरांना त्यांचं वेडच लागलं. सातपुड्यावर चढलेली हवा इकडे उतरताना स्वतःच्या वजनाने खाली जाते, पुन्हा उसळते, आणि अशा लहरी कोसच्या कोस पसरून त्यांच्या माथ्यांवर ढग धरतात, असं त्यांचं गणित सांगत होतं. ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

पुंजाजी सुताराने सागाच्या चौकटीत काचेची लांब टाकी बसवून दिली. तळाशी नीळ घातलेलं मिठाचं जड पाणी, वर साधं. तळावरून लाकडी डोंगर दोरीने ओढायचा. पहिल्या हिवाळ्यात टाकी गळली. पुढच्या साली पाणीच एकमेकांत मिसळलं. तिसऱ्या हिवाळ्यात डोंगरामागे निळ्या लाटा उठल्या.

"मास्तर, हे तं आपलंच आभाळ दिसून राह्यलं!" पुंजाजी ओरडला.

मास्तरांच्या पत्नीने, सुलभाबाईंनी, हौसेने धाकट्या भावाला बोलावलं. शरच्चंद्र पुण्यात प्राध्यापक होता. आठवडाभर राहिला, फोटो काढले, गणित समजून घेतलं.

"भाऊजी, हे आपण मोठ्या लोकांपुढे मांडू."

'आपण' ऐकून मास्तर सुखावले.

नागपूरच्या विज्ञान परिषदेला त्यानेच मास्तर आणि सुलभाबाईंना बोलावलं. पडद्यावर टाकी उमटली. "माझ्या प्रयोगात," शरच्चंद्र सांगू लागला. मास्तरांचं नाव कुठेच आलं नाही. भाषण संपल्यावर ते उभे राहिले.

"ही टाकी कुठे बांधली?"

शरच्चंद्र जरा अडखळला. "पुण्यात."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "शाळामास्तराचं नाव बघून निबंध कुणी घेतलाच नसता, भाऊजी. आणि तुम्ही तर घरचेच."

"घरचा म्हणूनच तुला सगळं दाखवलं रे," एवढंच मास्तरांना बोलता आलं.

भाऊबीजेला शरच्चंद्र आला, तेव्हा सुलभाबाईंनी पाट मांडलाच नाही. "आधी यांचं नाव छाप. मग ओवाळीन."

तो जेवण न करताच गेला. नाव कधी छापलं नाही, आणि सुलभाबाईंनीही त्याला पुन्हा ओवाळलं नाही.

मास्तरांनी टाकीच्या काचा उतरवायला पुंजाजीला बोलावलं.

"काऊन मास्तर? चांगली तं हाये."

"तिच्याकडे बघवत नाही रे."

निवृत्त होईपर्यंत ते पुस्तकातलंच शिकवत राहिले. घरी कुणी मुक्कामाला यायचं म्हटलं, तर आधी विचारत, "काम काय आहे?"