देवळाच्या दारातले चार बूट

माझं लग्न आल्प्स पर्वतामुळे ठरलं. तोवर मी त्या पर्वतावर एकदाही चढलो नव्हतो, ही गोष्ट वेगळी.

साठ सालाच्या आसपास मी म्युनिकजवळ गार्चिंगला डॉक्टरेट करत होतो. घरच्यांनी वाईची एक मुलगी सुचवली आणि आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. आता दिवसभर प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणारा माणूस पत्रात लिहिणार तरी काय? मी लिहिलं, 'गेल्या रविवारी एक शिखर सर केलं.' उत्तर दोन पानं जास्त आलं. मग मी दर रविवारी शिखर सर करू लागलो. (नावं खोलीतल्या कॅलेंडरवर होती. डिसेंबरचं शिखर सर झालं आणि लग्न ठरलं.) प्रत्यक्षात माझी मजल पुण्याच्या पर्वतीपर्यंत, तीही निम्म्या पायऱ्यांवर बसकण मारून.

लग्न होऊन सुशीला जर्मनीत आली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "अहो, डोंगरावर कधी जायचं?"

"जाऊ की. थंडी आहे अजून."

"जून महिना आहे हा. आणि एक सांगू? मला मोटारवाल्या डॉक्टरचं स्थळ आलं होतं. मी बाबांना म्हटलं, मोटारीत बसणारा नको, डोंगर चढणारा हवा."

तिचं सगळं बालपण पांडवगडावर उड्या मारण्यात गेलं होतं. पहिले पंधरा दिवस मी सबबींवर काढले.

शेवटी वाटाड्यासकट आठवड्याची डोंगरसहल ठरवली. निदान वाट तरी दुसऱ्या कुणाला माहीत असेल! उरला प्रश्न बुटांचा. दर रविवारी शिखर सर करणाऱ्याचे बूट कोरे करकरीत कसे असतील? नाव नोंदवायला मी एकटाच आधी डोंगराच्या पायथ्याच्या गावात गेलो, तेव्हा चांभाराच्या दुकानाच्या काचेमागे एक जोड दिसला. झिजलेला, खरचटलेला, तळाला पितळी खिळे. थोडा घट्ट होता, पण अनुभवी दिसत होता. घरी आणून सुशीलाला म्हटलं, "हे माझे नेहमीचे."

तिनं त्यांच्यावरून हात फिरवला. मला शरम वाटली, पण बूट परत करण्याइतकी नाही.

आमचा वाटाड्या आलोइस म्हणजे झुबकेदार मिशांचा, ठेंगणा पण दणकट गडी. पहिल्याच सकाळी तो सारखा माझ्या पायांकडे बघत होता.

"तुमच्या बुटांवर खूश दिसतायत ते," सुशीला म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या तासाला माझी बोटं बुटात एकमेकांवर चढली. सुशीला आलोइसच्या बरोबरीनं पुढे, मध्ये दहा जर्मन, आणि सगळ्यांच्या मागे मी, निसर्गसौंदर्य बघत. (उभं राहायला कारण लागतं.)

दुपारी मंडळींनी एका कुरणात डुकराच्या मांसाची पुडकी सोडली. सुशीला उठली. वरच्या अंगाला एक छोटं पांढरं चॅपेल होतं, आत मेरीची मूर्ती.

"देऊळच आहे, दर्शन घेऊन येऊ," ती म्हणाली. दारात तिनं बूट काढले. मी तर देवाचे आभार मानत काढले. "पण अहो, एकानं बूट सांभाळायला थांबायला हवं ना?"

"अगं, ही जर्मनी आहे. इथे कुणी बूट चोरत नाही."

हे अगदी खरं होतं. घात झाला तो त्यामुळेच.

दर्शनाआधी पाय धुवायला हवेत म्हणून आम्ही मागच्या झऱ्यावर गेलो. त्या गार पाण्यात पाय घातल्यावर मला ते बाहेर काढवेनात. वीस मिनिटांनी परत येऊन बघतो, तर दार मोकळं. चारही बूट गायब.

"जर्मनी आहे ना ही?" सुशीलानं शांतपणे विचारलं.

आलोइस म्हणाला, तासाभरावर डोंगरातली ह्युटे आहे, खाण्याराहण्याची झोपडी. तिथे काहीतरी मिळेल. सुशीला स्वतःच्या अंगणात फिरावं तशी अनवाणी निघाली. मी एकेका खड्याला विचारून पाऊल टाकत होतो.

"इतकी शिखरं चढलात, तरी पायाला सवय नाही?"

"बूट घालून चढलो ना."

ह्युटेत शिरलो तर टेबलावर आमचे चारही बूट! आम्ही झऱ्यावर असताना तिथून वर गेलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला ते बेवारस दिसले. कुणीतरी संकटात असणार म्हणून बिचाऱ्यांनी इमानदारीनं वर आणून दिले होते. मी हात पुढे केला, तेवढ्यात मालकीणबाई कमरेवर हात ठेवून आडव्या आल्या. ही रेझी, आलोइसची बायको. ती माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती.

"हे तुझे बूट. तळाचे खिळे मी ओळखते. चांभाराकडे शिवायला दिलेत म्हणालास ना? मग चॅपेलच्या दारात एका बाईच्या बुटांना खेटून कसे?"

आलोइसच्या मिशा पडल्या. त्यानं ते परस्पर चांभारालाच विकून बिअर प्यायली होती. तो केविलवाणा होऊन माझ्याकडे वळला. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा, हे कुणाचे?"

गप्प बसलो तर त्याचा संसार जातो, बोललो तर माझा. आणि मग सुचलं, सुशीलाला जर्मन कुठे येतं? मी छाती काढून जर्मनमध्ये ठणकावलं, "माझे. दोन आठवड्यांपूर्वी चांभाराकडून घेतले. त्याआधी मी जन्मात डोंगर चढलेलो नाही."

रेझी खो खो हसली. आलोइसनं मला मिठी मारली. मी विजयी मुद्रेनं वळलो.

"अहो," सुशीला म्हणाली, "त्स्वाय वोखन म्हणजे पंधरा दिवस ना?"

घरमालकीण तिला महिनाभर बाजारात नेत होती. कधी, किती, नवं, जुनं, दिवस, आठवडे, एवढंच जर्मन तिला आलं होतं. मला बुडवायला तेवढं पुरलं.

मी कॅलेंडरसकट सगळं कबूल केलं. खरंच भीती वाटत होती. या बाईनं माझ्यासाठी मोटार सोडली होती.

"मला पहिल्याच चढावर कळलं होतं," ती बुटाची नाडी बांधत म्हणाली. "पण म्हटलं, एवढ्या घट्ट बुटांत माझ्यासाठी चढतोय माणूस. मोटारवाल्यानं असल्या बुटांत क्लच तरी दाबला असता का?" आणि ती आलोइसबरोबर शिखरावर निघून गेली.

पुढे दर उन्हाळ्यात आम्ही तिथे जायचो. सुशीलाचं बघून टोळीतले जर्मनही दर्शनाला बूट काढून जायला लागले. मी दारात बसून ते सांभाळायचो, मंडळी वर गेली की उतरून गावात कॉफी प्यायचो. इतक्या वर्षांत एक जोड हरवला नाही. वाईला सासऱ्यांना पत्र लिहिताना मात्र मी एवढंच लिहायचो, 'यंदाही डोंगरावर होतो. सगळ्यांनी माझ्यावर विश्वास टाकला.'