पुढं केलेला हात

भाकरीचं ताट माझ्यापुढून निघून गेलं.

चर्चात प्रभुभोजन चाललेलं, येशूच्या आठवणीची भाकर आन् प्याला सगळ्यांत वाटायचा. आमी बाया सतरंजीवर बसलेलो, पाळकसाहेब ताट घेऊन एकेकीपुढं वाकायलेले. मी हात पुढं केला. तेवढ्यात चर्चाचा कारभार बघणारे पंचसाहेब बोलले, "आधी मंडळीपुढं उभं राहून पाप कबूल करा, बाई. मग हात पसरा." पाळकसाहेब पोरसवदा माणूस. त्यांनी मान खाली घातली आन् ताट पलीकडच्या बाईपुढं नेलं. माझा हात तसाच. रिकामा.

पाप काय, ते सांगते. माझी थोरली लेक, वालूरला दिलेली, कावीळ होऊन माझ्याच घरी वारली. शेजारची रुक्मा मेंढरं राखणारी, तिच्यासंगं लहानाची मोठी झालेली. ती रडत रडत आली. लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात हिरव्या बांगड्या भरल्या. म्हणाली, "मावशी, सवाशीण हाय ती. मोकळ्या कपाळानं कशी धाडू?" त्यांच्यात तशी रीत. आमच्यात न्हाई. तरी मी अडवलं न्हाई. कसं अडवू? आजारपणात लेकीचं उलटीचं घमेलं तिनं धुतलेलं. मंडळीतलं कोणी तवर उंबऱ्याशीबी आलं नव्हतं.

पंचसाहेब आले ते मातीला. परभणीत बंगला, चर्चाच्या फरशा त्यांनीच बसवलेल्या. त्यांच्यापुढं कोण बोलणार? त्यांनी रुमाल काढला आन् माझ्या मेलेल्या लेकीचं कपाळ खसाखसा पुसलं. फळा पुसावा तसं. वर म्हणाले, असल्या अर्धवट विश्वासामुळंच पोर गेली. मी ऐकून घेतलं. तवा माझ्यात जीवच नव्हता.

नंतर देवाशी लय भांडले. येशू, तुझा दोस्त लाजर मेला तवा त्याच्या कबरीपाशी रडलास, त्याला उठवलंस. माझी का न्हाई उठवली? उत्तर आलं न्हाई. आजूनबी न्हाई. पर भांडताना तो ऐकायलाय, एवढं कळायचं. तेवढ्यावर दिवस काढले.

ताट निघून गेलं तवा माझी आजी आठवली. पाटलाच्या दारात तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ती ख्रिस्ती झाली ती एकाच गोष्टीपायी. हिथं एका प्याल्याला सगळ्यांचे ओठ लागायचे. तो प्याला पयल्यांदा तोंडाला लावला तवा ती ढसाढसा रडली, असं माझी आई सांगायची. आन् आज तिच्याच नातीपुढून ताट वर उचललं. तेबी येशूच्या घरात.

मी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, आता कबूल करती. मी म्हणलं, "रुक्मानं माझ्या लेकीवर माया केली. त्याला मी पाप म्हणणार न्हाई. आन् पोर काविळीनं गेली." खाली बसले. मागून कोणीतरी कुजबुजलं, पोर गेली तरी बाईचा ताठा जात न्हाई.

रुक्माला कळलं तर ती निघालीच. म्हणाली, पंचसाहेबाच्या पाया पडते, माझं चुकलं म्हणून सांगते. मी म्हणलं, तू गप तुझी मेंढरं बघ.

लोक म्हणतात, सोडा ते चर्च. का सोडू? फरशा त्यांच्या असतील, येशू न्हाई. दर भोजनाला मी पयल्या रांगेत बसते. ताट येतं, माझ्यापाशी जरा थांबतं, पुढं जातं. जाऊ द्या ताट. शेवटच्या माणसाचं होईस्तवर माझा हात पुढंच असतो.

मरेस्तवर तो मागं यायचा न्हाई.