दहा लाख एक

फरशी बसवणाऱ्याला जगात दोनच प्रकारचे आकडे भेटतात, असं तो म्हणायचा: खोली भरणारे आणि डोकं खाणारे. बारा फरश्या असल्या की तीन-तीनच्या चार रांगा लागतात, विषय संपला. तेरा असल्या की एकाच रांगेत ताटकळत उभ्या. ही अक्कल त्याच्या ताईची. लहानपणी ती बटणं मांडून शिकवायची, आणि हा एखादा आकडा गाळून पुढं पळाला की कान धरून मागं आणायची. "ठोंब्या, मधला कुठं गिळलास?"

लग्न होऊन ताई समुद्रापलीकडं निघाली, तेव्हा हा चांगला मिशा फुटलेला गडी रडकुंडीला आला. तिनं जाता जाता कोडं घातलं. "दहा लाख एक फरश्या आहेत. एकच लांब रांग नको. सारख्या रांगा लावून चारी कोपरे भरून दाखव. कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही. मी विचारत राहीन."

आणि ती विचारत राहिली. महिन्यातून एकदा फोन यायचा. तब्येत, हवा, भाचीची शाळा, की गप्पा आटल्या. दोन घरं इतकी लांब गेली की सांगण्यासारखं फार उरत नाही. कबूल मात्र कुणी करत नाही. मग ती विचारायची, "फुटला का रे आकडा?" तिथून पुढं दोघं मनसोक्त भांडायची. ज्यांचे स्वतःचे तुकडे पडत नाहीत असे आकडे तो ओळीनं लावून बघत होता, एका फोनला एक. तो बाकी सांगायचा, ती तिकडं ताडून चुका काढायची. भागाकार तो कामावरच करी, कोऱ्या सिमेंटवर पेन्सिलीनं, आणि वर माल पसरून फरशी बसवून मोकळा होई.

सत्त्याण्णव झाला, बाकी अठ्ठावीस. पुढचा एकशे एक. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उकिडवं बसून त्यानं भागाकार मांडला, आणि बाकी उरलीच नाही. एकशे एक रांगा, प्रत्येकीत नऊ हजार नऊशे एक. तो एकटाच मोठ्यानं हसला. मग पेन्सिल खाली ठेवली. आता ताई विचारणार काय? त्यानं त्या आकड्यांवर भराभर माल ओतला आणि फरशी ठोकून बसवली.

फोन आला. "फुटला का रे?"

"छे! एकशे तीननं पाहिलं. बाकी सत्त्याहत्तर."

बोलला आणि त्यानं जीभ चावली. सत्त्याण्णववरून थेट एकशे तीन! कोडं तिनंच घातलेलं, उत्तर तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक. त्यानं डोळे मिटून घेतले. आता कान धरणार.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं," ताई म्हणाली. "आता एकशे सात घे. आणि हे बघ, घाई करू नकोस."